शेष

२५ मेला, बाराला पाच मिनिटं कमी असताना, मेक्सिकोच्या युकातानमधल्या मेरिदाच्या मुख्य चौकात माझी सावली माझ्या पायांखाली गेली. दिव्याच्या खांबाला सावली नव्हती, कॅथेड्रलच्या उंच भिंतीला नव्हती. छत्री धरून चाललेल्या एका बाईच्या पायांशी तेवढा छत्रीएवढा काळा गोल सरकत होता. शून्य सावलीचा दिवस. लहानपणी जळगावला आम्ही गच्चीवर काठी उभी करून तो पाहायचो आणि तारीखही हीच असायची, कारण जळगाव आणि मेरिदा ही दोन्ही गावं २१ अंश उत्तर अक्षांशावर आहेत. जवळजवळ अर्धी पृथ्वी ओलांडून मी पुन्हा माझ्याच सूर्याखाली येऊन उभा राहिलो होतो.

हा दिवस फक्त उष्ण कटिबंधातल्या माणसाच्या वाट्याला येतो, वर्षातून दोनदा. युकातानच्या माया लोकांना तो माहीत होता. सूर्य डोक्यावर आला की पाऊस जवळ आला, हे खान्देशातल्या शेतकऱ्याप्रमाणे त्यांनाही कळत होतं. त्यांना जिंकायला स्पेनहून जी माणसं आली, त्यांच्या गावी मात्र सूर्य कधीच डोक्यावर येत नाही. आकाश वाचायची एवढी एक खूण त्यांच्याजवळ नव्हती, आणि त्या आकाशाविषयी इथे जे लिहून ठेवलं होतं त्यातलं बरंचसं त्यांनी जाळलं. चौकात उभा असताना हे सगळं एकदम मनात आलं असं मी म्हणणार नाही. तेव्हा फक्त ऊन लागत होतं, आणि मी भिंतीला हात टेकला होता.

ती भिंत चुनखडीची. कॅथेड्रलचं बांधकाम १५६१ला सुरू झालं आणि १५९८ला संपलं, आणि त्याला लागलेला दगड लांबून आणावा लागला नाही. इथे त्हो नावाचं माया शहर होतं. ६ जानेवारी १५४२ला फ्रान्सिस्को दे मोन्तेहो याच्या त्याच नावाच्या मुलाने त्याच जागी स्पॅनिश शहराची स्थापना केली. त्होमधले चौथरे आणि मंदिरं तेव्हाच जुनी, झाडोऱ्याने वेढलेली होती. ती पाहून त्या सैनिकांना स्पेनमधल्या मेरिदा गावातले रोमन अवशेष आठवले, आणि त्यांनी या शहराला तेच नाव दिलं. मला या नामकरणात क्रौर्याइतकीच घरची ओढ दिसते. परक्या देशात माणूस प्रथम आपलं गाव शोधतो. मीही सूर्यात जळगाव शोधलंच होतं. फरक पडतो तो पुढे. त्यांनी ओळख पटवली आणि मग ती वास्तू पाडून तिचे दगड वापरले.

चौकाच्या दक्षिणेला मोन्तेहो घराण्याचा वाडा आहे. त्याच्या दर्शनी भागावर भालेकरी सैनिक कोरले आहेत आणि त्यांच्या पायांखाली माणसांची मुंडकी आहेत. तोंडं उघडी आहेत. जाणारे-येणारे त्यांच्याकडे बघत नाहीत. रोज बघणं शक्यही नसावं.

मी काळ्या दगडाच्या देशातला. आमच्याकडे दगड म्हणजे बेसाल्ट. घाटाचा तोच, गढीचा तोच, अजिंठ्याच्या लेण्यांचाही तोच. म्हणून हा पांढरा, हाताला किंचित भुसभुशीत लागणारा, शंख-शिंपल्यांचे ठसे पोटात ठेवणारा दगड मला परका वाटला पाहिजे होता. उत्तर युकातानमध्ये नदी नाही. एकही नाही. सगळा प्रदेश चुनखडीचा आणि सपाट, त्यामुळे पडलेलं पाणी तिथल्या तिथे जिरतं आणि जमिनीखालच्या कपारींतून समुद्राकडे जातं. कपारीचं छप्पर कोसळलं की खाली पाणी उघडं पडतं, त्या विहिरीला माया भाषेत त्सोनोत म्हणतात. स्पॅनिश जिभेवर त्याचं सेनोते झालं. नकाशावर या विहिरींच्या जागा मांडल्या तर मेरिदाभोवती त्यांची एक रेखीव अर्धवर्तुळाकार माळ दिसते. ती माळ म्हणजे एका गाडल्या गेलेल्या खळग्याची कड आहे. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दहा-बारा किलोमीटर रुंदीचा एक लघुग्रह इथे आदळला. सुमारे १८० किलोमीटर व्यासाचा तो खळगा आज चुनखडीच्या जवळजवळ किलोमीटरभर जाड थराखाली आहे आणि त्याचा मध्य मेरिदाच्या उत्तरेला चिकशुलूब नावाच्या कोळ्यांच्या गावाजवळ येतो. इथला खडक वाफ होऊन आकाशात गेला, गंधकाच्या धुक्याने सूर्य झाकला, आणि डायनोसॉरांसकट पृथ्वीवरच्या बहुतेक जीवजाती संपल्या.

त्याच काळात दख्खन पेटलेलं होतं. सह्याद्रीचे थर रचणारा लाव्हा लाखो वर्षं थांबून थांबून वाहत होता. डायनोसॉर कशाने मेले, युकातानच्या आघाताने की दख्खनच्या ज्वालामुखीने, हा वाद भूवैज्ञानिकांत कित्येक वर्षं चालला. आता बहुतेकांचं बोट आघाताकडे जातं, पण त्या आघाताच्या हादऱ्याने दख्खनचे उद्रेक आणखी जोराने सुरू झाले असावेत, असं २०१५ साली काही संशोधकांनी मांडलं. ते खरं ठरेल की नाही हे त्यांचं शास्त्र ठरवील. मला एवढं पुरेसं आहे की ज्या रात्रीने ही जागा घडवली त्या रात्रीच्या आसपासच माझ्या गावाजवळचा डोंगर थंड होत होता. अजिंठ्याच्या भिक्षूंनी त्या एका दगडात दिवा लावला, आणि त्होच्या गवंड्यांनी या दुसऱ्या दगडातून शहर उभं केलं.

या दगडाचं आणखी एक रूप बाजारात भेटतं. मेरिदाचा मुख्य बाजार कॅथेड्रलपासून थोड्या अंतरावर आहे. भोपळ्याच्या बियांचे ढीग, शेंदरीच्या बियांचा लाल मसाला, आंबट संत्री, हाबानेरो मिरची, आणि चुन्याच्या पुड्या. चुना स्वयंपाकाला लागतो. मका इथे चुन्याच्या पाण्यात उकळतात, रात्रभर तसाच ठेवतात, सकाळी साल चोळून धुतात आणि मग दळतात. त्यामुळे दाण्यात अडकून राहिलेलं एक जीवनसत्त्व मोकळं होतं. युरोपने मका नेला, ही रीत नेली नाही, आणि नुसत्या मक्यावर जगणाऱ्या तिथल्या गरिबांना पेलाग्रा झाला. कातडी सोलणारा, शेवटी वेड लावणारा रोग. मेक्सिकोतल्या बायकांना हे ज्ञान दोन-तीन हजार वर्षांपासून आहे. दगड भाजून चुना करायचा, त्याच चुन्याने मंदिराच्या भिंती लिंपायच्या आणि त्याच चुन्याने भाकरी करायची. या लोकांच्या हाडांत त्यांचा प्रदेश शब्दशः उतरलेला आहे.

संध्याकाळी मी चौकाच्या उत्तरेला असलेल्या राज्यपालांच्या वाड्यात गेलो. तिथे फेर्नान्दो कास्त्रो पाचेको या मेरिदाच्याच चित्रकाराने १९७०च्या दशकात काढलेली मोठी भित्तिचित्रं आहेत. मक्यातून जन्मणारा माणूस आहे. घायपाताच्या मळ्यात राबणारे हात आहेत. आपल्याकडे बांधावर दिसणाऱ्या घायपाताचाच हा भाऊबंद. त्याच्या वाखाच्या दोरखंडांवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मेरिदात महाल उठले आणि मळ्यांवरचे माया मजूर कर्जाने बांधले गेले. आणि एका चित्रात झगा घातलेला संन्यासी आहे, आणि आग आहे.

तो दिएगो दे लांदा. १२ जुलै १५६२ला मेरिदाच्या दक्षिणेला मानी या गावी त्याने हजारो मूर्ती फोडल्या आणि माया लिपीतली पुस्तकं जाळली. पुस्तकं म्हणजे झाडाच्या सालीचा कागद, त्यावर चुन्याचा पातळ लेप, घडीवर घडी. पुन्हा चुना. या पुस्तकांत सैतानाच्या खोटेपणाशिवाय काही नव्हतं असं लांदाने नंतर लिहिलं, आणि ती जळताना लोकांना विलक्षण दुःख झालं हेही त्यानेच नोंदवलं. अशा पुस्तकांपैकी आज जगात चार उरली आहेत. त्यातलं ड्रेस्डेन शहरात जपलेलं पुस्तक शुक्राचं गणित सांगतं: शुक्राची एक फेरी ५८४ दिवसांची, अशा पाच फेऱ्या म्हणजे २९२० दिवस, म्हणजे त्यांच्या पंचांगाची नेमकी आठ वर्षं. त्या आगीत काय काय गेलं असेल, हे या एका पुस्तकावरून अजमावता येतं, आणि अजमावल्यावर झोप लागत नाही.

जाळपोळीबद्दल जाब द्यायला लांदाला स्पेनला जावं लागलं. तिथे १५६६च्या सुमारास त्याने युकातानविषयी एक ग्रंथ लिहिला: घरं, जेवण, लग्नं, महिन्यांची नावं, सण. त्यात त्याने माया ‘मुळाक्षरं’ दिली. शेजारी माया लेखक बसवला आणि स्पॅनिश अक्षरांची नावं एकेक करून उच्चारली. लांदा म्हणाला ‘बे’. लेखकाने दोन रेषांमध्ये उमटलेलं पाऊल काढलं. कारण माया भाषेत ‘बे’ म्हणजे वाट.

मूळ ग्रंथ हरवला. त्याची एक संक्षिप्त प्रत १८६२ साली माद्रिदच्या एका ग्रंथालयात ब्रासर दे बूरबूर या फ्रेंच धर्मगुरूला सापडली. पुढे नव्वद वर्षं त्या मुळाक्षरांनी कोणालाच नीट वाचता येईना. ती चुकीची म्हणून सोडून देण्याइतपत मजल गेली. १९५२ साली लेनिनग्राडच्या युरी क्नोरोझोव्हने ती पुन्हा हातात घेतली. त्याने मेक्सिको पाहिलं नव्हतं आणि म्हातारपणापर्यंत त्याला पाहताही येणार नव्हतं. त्याने ओळखलं की लांदाचा प्रश्न चुकीचा होता, पण उत्तर बरोबर होतं. लेखकाने सुटी व्यंजनं दिलीच नव्हती. त्याने स्वरासकट अक्षरं दिली होती. बाराखडी गिरवलेल्या आपल्या मुलाला जे सांगावं लागत नाही ते युरोपच्या पंडितांना इतकी वर्षं अडलं. ‘कु’ आणि ‘त्सु’ ही चिन्हं जोडली की ‘कुत्स’ होतं, म्हणजे टर्की पक्षी. जुन्या पुस्तकात त्या शब्दाशेजारी टर्कीचंच चित्र आहे. ‘त्सु’ आणि ‘लु’ मिळून ‘त्सुल’, म्हणजे कुत्रा. एका कुत्र्याने आणि एका पक्ष्याने दार किलकिलं केलं, आणि आज त्या लिपीतला बराच मोठा भाग वाचता येतो.

ज्याने पुस्तकं जाळली त्याच्याच वहीत ती वाचायची किल्ली राहिली. हे मला इथे येण्यापूर्वी वाचून ठाऊक होतं, पण चित्रासमोर उभं राहिल्यावर ते गोव्यापाशी जाऊन थांबलं. गोव्यात पोर्तुगीजांचं इन्क्विझिशन आलं १५६०ला, मानीच्या आगीच्या दोन वर्षं आधी. कुशस्थळीचा मंगेश नदी ओलांडून प्रियोळला गेला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला. पालख्या रात्रीच निघाल्या असणार. पुस्तकांना पालखी नव्हती. पण धर्मोपदेशाकरता लोकांची भाषा शिकली पाहिजे म्हणून जेझुइटांनी रामायण-महाभारतातल्या कथा, कृष्णदास शामाची मराठी कृष्णकथा, असं बरंच काही रोमन लिपीत उतरवून घेतलं. ती हस्तलिखितं पोर्तुगालमध्ये ब्रागा शहराच्या ग्रंथालयात गेली आणि शतकानुशतकं तिथे पडून राहिली. सोळाव्या शतकातल्या गोव्याची जी कोकणी आणि मराठी आपल्याला आज ऐकू येते, तिच्यातला मोठा भाग त्या बाडांमधून येतो.

याने जाळणाऱ्याला क्षमा मिळत नाही, आणि मी ती द्यायला निघालेलोही नाही. शत्रूलाही नीट शत्रुत्व करायचं तर तुमची भाषा शिकावी लागते, आणि शिकताना ती त्याच्या कागदावर सांडते. त्या सांडलेल्यावर आपण जगतो. मला हे मान्य करायला जड जातं, पण ते नाकारलं तर कृष्णदास शामाही माझ्या हातून जातो.

दुसऱ्या दिवशी चिचेन इत्सा. तिथे फार वेळ लिहिण्यासारखं माझ्यापाशी नाही. गर्दी होती, वाटेच्या दोन्ही बाजूंना विक्रेत्यांच्या मुखवट्यांच्या ओळी होत्या, आणि २००६पासून मोठ्या पिरॅमिडवर चढता येत नाही. चारी बाजूंना एक्क्याण्णव पायऱ्या आणि वरची एक, मिळून ३६५. समोर उभं राहून टाळी वाजवली की पायऱ्यांवरून पक्ष्याच्या चिरक्या हाकेसारखा प्रतिध्वनी येतो. विषुवदिनाच्या संध्याकाळी पायऱ्यांच्या कठड्यावर उन्हा-सावलीचे त्रिकोण पडतात आणि पिसांचा सर्प कुकुलकान वरून खाली उतरताना दिसतो. मी मे महिन्यात गेलो होतो, त्यामुळे मला फक्त कठड्याच्या पायथ्याशी जबडा उघडून बसलेलं त्याचं दगडी डोकं दिसलं.

त्या डोक्यासमोर मला आपला एक शब्द आठवला. पडक्या वास्तूंना आपण अवशेष म्हणतो. शेष म्हणजे उरलेलं. भागाकारात शेवटी खाली उरतं ते शेष. आणि शेष म्हणजे नागही. प्रलयात सगळं बुडाल्यावर जो उरतो, ज्याच्या वेटोळ्यावर पुढचं जग झोपलेलं असतं. माया वर्ष वीस-वीस दिवसांच्या अठरा महिन्यांचं. ३६० झाले की पाच दिवस शिल्लक राहत, त्यांना ‘वायेब’ म्हणत आणि ते अशुभ मानत. कोणत्याही महिन्यात न बसणारे पाच दिवस. उरलेल्याची भीती तिथेही होती. या पिरॅमिडच्या पोटात आणखी एक, त्याहून जुना पिरॅमिड आहे. तो पाडला नव्हता, त्याच्यावरच नवा चढवला होता. शेषावर शेष.

भीतीला कारणंही होती. पिरॅमिडच्या उत्तरेला पांढऱ्या वाटेच्या शेवटी मोठा सेनोते आहे, सुमारे साठ मीटर रुंद, हिरव्या पाण्याचा. त्यात सोनं, जेड आणि माणसं टाकली गेली. जवळच एका जमिनीखालच्या पोकळीत सापडलेल्या ६४ मुलांच्या हाडांचा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला: सगळे मुलगेच, त्यांत जुळ्या भावांच्या दोन जोड्या. मायांवर झालेल्या अन्यायाविषयी लिहिताना मला ही मुलं वगळता येणार नाहीत. ज्या आकाशाच्या गणिताने मी हरखून जातो त्याच आकाशाला ती दिली गेली. त्या अभ्यासात जवळच्या एका गावातल्या आजच्या माया रहिवाशांनीही आपल्या डीएनएचे नमुने दिले होते, आणि त्या मुलांशी त्यांचं दूरचं नातं जुळलं. म्हणजे नातलग अजून आहेत, आणि त्यांना आता ते ठाऊक आहे.

उश्मालला मात्र मी दोन दिवस घालवले, आणि परत जायला मिळालं तर तिथेच जाईन. मेरिदापासून दक्षिणेला ऐंशी किलोमीटर. जमीन इथे प्रथमच जरा उचलते. पूक म्हणजे टेकड्यांची रांग. या उंचीमुळे पाणी आणखी खोल जातं आणि इथे सेनोतेही नाहीत. नदी नाही, विहीर नाही, झरा नाही, अशा ठिकाणी इसवी सनाच्या नवव्या शतकाच्या आसपास हजारो माणसांचं शहर नांदलं ते फक्त आकाशातून पडणाऱ्या पाण्यावर. अंगणांना त्यांनी उतार दिला, मधोमध खडकात बाटलीच्या आकाराची खोल कोठी खोदली, आतून चुन्याने गिलावा केला. तिला चुलतून म्हणतात. पावसाळ्याचं पाणी साठवून कोरडे महिने प्यायचं. एका चुलतूनचं तोंड जाळीने झाकलेलं होतं. मी वाकून पाहिलं. आत कोरडी माती आणि एक सरडा.

मग भिंतींवरचे चेहरे समजू लागतात. उश्मालच्या वास्तूंचा खालचा अर्धा भाग साधा, गुळगुळीत. वरच्या अर्ध्या भागावर तासलेल्या दगडांची गच्च नक्षी, आणि नक्षीत पुन्हा पुन्हा तोच चेहरा: वाटोळे डोळे, दात, सोंडेसारखं वळलेलं लांब नाक. चाक, पावसाचा देव. कोपऱ्यांवर तो एकावर एक रचलेला आहे. शेजारच्या काबाह गावी एका भिंतीवर असे अडीचशेच्या आसपास चेहरे आहेत. प्रवासी पुस्तकांत याला अलंकरण म्हणतात. मला ती ओरड वाटली. एकदा हाक मारून ऐकू गेलं नाही की माणूस अडीचशे वेळा मारतो. कासवांच्या घराच्या माथ्यावर दगडी कासवांची रांग आहे. कासवं पावसासाठी रडतात अशी इथली समजूत. आजही खेड्यांत पाऊस लांबला की शेतात मांडव घालून चाकला बोलावतात, आणि मांडवाच्या चार खांबांशी बसवलेली मुलं बेडकासारखं ओरडतात. आमच्याकडे अंगाला कडुलिंबाचा पाला बांधून, बेडूक घेऊन धोंडी दारोदार निघते. या दोन रिवाजांचा एकमेकांशी काही संबंध नाही. संबंध आहे तो जून महिन्यातल्या कोरड्या आभाळाशी.

चाक शेवटी आला नाही. युकातानमधल्या चिचनकानाब सरोवराच्या तळाच्या गाळात जिप्समचे थर सापडले, म्हणजे सरोवर आटलं होतं. त्यावरून नवव्या आणि दहाव्या शतकांत इथे मोठे दुष्काळ पडले हे कळतं. लढाया होत्या, राजवटी कोसळत होत्या, दुष्काळ एकटा दोषी नव्हता. पण ज्या घरात बहात्तरच्या दुष्काळाच्या गोष्टी जेवताना सांगितल्या जायच्या, त्या घरातल्या माणसाला कोरड्या चुलतूनपाशी उभं राहून दुसरी कारणं शोधावीशी वाटत नाहीत.

राज्यकर्त्याचा वाडा शंभर मीटर लांब आहे आणि त्याच्या नक्षीत वीस हजारांच्या आसपास सुटे तासलेले दगड बसवले आहेत. इतकी लांब इमारत जड वाटायला हवी होती. ती उचललेली वाटते, कारण मधले दोन उंच त्रिकोणी बोळ भिंतीत श्वास सोडतात. दोन्ही बाजूंनी दगड थोडा थोडा पुढे काढत वर आणून टेकवायचे, अशी ही कमान. वाड्याचं तोंड शुक्राच्या उगवतीच्या एका टोकाशी जुळवलेलं आहे असं अभ्यासक सांगतात. दारावरच्या चाकच्या पापण्यांखाली शुक्राची चिन्हं कोरली आहेत.

दारांच्या वर दगडाऐवजी लाकडी तुळया होत्या, आणि त्या सापोते झाडाच्या होत्या. सापोते म्हणजे चिकू. समुद्र ओलांडून आपल्याकडे आलेलं, घोलवड-डहाणूच्या वाड्यांत आता कायमचं रहायला आलेलं ते झाड मूळचं इथलं. त्याचं लाकूड लोखंडासारखं असतं. हजार वर्षं ते दगडाचा भार पेलत राहिलं. १८४०च्या सुमारास जॉन लॉइड स्टीफन्स हा अमेरिकन प्रवासी आणि फ्रेडरिक कॅथरवुड हा इंग्रज चित्रकार इथे आले. कॅथरवुडने एकेक दगड इतक्या इमानाने उतरवला की नंतर ढासळलेल्या भागांसाठी आज त्याच्याच चित्रांकडे जावं लागतं. आणि ही शहरं इजिप्तच्या किंवा आणखी कुठल्या लोकांनी बांधलेली नाहीत, आजूबाजूला राहणाऱ्या या गरीब माणसांच्या पूर्वजांनीच बांधली आहेत, हे स्टीफन्सने त्या काळात ठामपणे लिहिलं. त्यासाठी मला तो फार जवळचा वाटतो. पण त्याने उश्मालची एक कोरीव लेख असलेली तुळई काढून न्यूयॉर्कला नेली, कायम जपली जावी म्हणून. १८४२ साली तिथे कॅथरवुडच्या प्रदर्शनगृहाला आग लागली आणि ती तुळई जळाली. लांदाने द्वेषाने जाळलं, स्टीफन्सकडून प्रेमापोटी जळालं. कोणत्या तारखेला कोणी काय केलं, हे त्या लाकडावर कोरलेलं असावं.

दुसऱ्या संध्याकाळी ज्याला स्पॅनिश लोकांनी ‘जोगिणींचा मठ’ असं नाव दिलं त्या चौसोपी अंगणात बसलो होतो. इग्वाना ऊन संपेपर्यंत दगडांवर पसरलेले होते, आपल्या घोरपडीचे कुणी लागत असावेत असे. दक्षिणेच्या इमारतीच्या प्रत्येक दारावर नक्षीत एक छोटी झोपडी कोरली आहे: ताडासारख्या पानांनी शाकारलेलं उतरतं छप्पर, मधे दार. एवढं वैभव उभं करताना त्यांनी माथ्यावर आपलं रोजचं घर कोरून ठेवलं. माझ्या वाहनाचा चालक जवळच्या सांता एलेनाच्या बाजूच्या खेड्यातला होता. तो म्हणाला, ‘‘हे आमचंच घर आहे. परतताना दाखवतो.’’

घर खरोखर तसंच होतं. दोन्ही टोकांना गोलावलेलं, काठ्या आणि माती लिंपलेलं, वर पानांचं छप्पर, आत हॅमक टांगलेले. मागच्या अंगणात स्वयंपाकाची वेगळी झोपडी. त्याची आई बाहेर आली आणि मला म्हणाली, ‘‘बिश आ बेल?’’ कसे आहात, असा त्याचा अर्थ. पण शब्द आहेत ‘तुझी वाट कशी आहे?’ लांदाच्या वहीतलं पाऊल तिच्या तोंडात होतं, आणि ते तिथे कुणी जपून ठेवलेलं नव्हतं. ते वापरात होतं. युकातानी माया बोलणारे लोक आज मेक्सिकोत साडेसात लाखांहून जास्त आहेत.

चूल तीन दगडांची होती. जगाची सुरुवात तीन दगड मांडून झाली असं जुने माया शिलालेख सांगतात. त्यावर मक्याचं मोठं भांडं होतं, पाणी चुन्याने पिवळसर झालेलं. मी कुठला, तिने विचारलं, चालकाने सांगितलं. आमच्याकडेही मका खातात का? खातात, मी म्हटलं, पण चुन्याशिवाय दळतो. हे त्याने माया भाषेत सांगितलं तेव्हा तिने पुन्हा विचारायला लावलं, चुन्याशिवाय? मग बराच वेळ माझ्याकडे काळजीने बघितलं. बाहेर ढग आले होते, वारा नव्हता. तिने भांड्यातून एक दाणा काढला, अंगठ्याने चोळला. साल अजून सुटत नव्हती. तिने झाकण ठेवलं आणि माझ्यासाठी पाट सरकवला.